शब्दकोश मिट आणि आधी कान लाव: 'मॅकबेथ'पाशी अडलेल्या विद्यार्थिनीला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. शहादा तालुक्यातल्या एका खेड्यातून रोज एसटीने कॉलेजला जाणारी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला इंग्रजी घेतलेली एक मुलगी लिहिते: "सर, आम्हाला 'मॅकबेथ' आहे. मी शब्दकोश घेऊन बसते. एका पानाला दोन तास लागतात आणि पान संपेपर्यंत वरचं विसरून जाते. गाईड वाचून मार्क पडतील, पण सगळे ज्याला एवढं मोठं नाटक म्हणतात त्यात मला काहीच वाटत नाही. माझं इंग्रजी कच्चं आहे म्हणून असं होतं का? मराठी भाषांतर वाचलं तर ती फसवणूक होईल का? आणि वर्गात मोठ्याने वाचायला लावतात तेव्हा लाज वाटते. माझे उच्चार गावठी आहेत."

तुला 'तू' म्हणतो. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवण्यात गेली, त्यामुळे विद्यार्थ्याला दुसरं काही म्हणवत नाही. तू मला 'तुम्ही' लिहिलंस, मी तुला 'तू' लिहितोय आणि दोघांनाही त्यात काही खटकलं नाही. एवढं ध्यानात ठेव. पुढे याचाच उपयोग होणार आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. तुझं इंग्रजी कच्चं असेल किंवा पक्कं असेल, अडचण तिथे नाही. ही भाषा चारशे वर्षं जुनी आहे. पैठणला एकनाथमहाराजांनी समाधी घेतली ते १५९९ साल. त्याच साली लंडनला ग्लोब नाट्यगृह उभं राहिलं, ज्यात शेक्सपिअरची नाटकं झाली. म्हणजे नाथांच्या भारुडांची मराठी आणि 'मॅकबेथ'ची इंग्रजी जवळपास एका वयाच्या. आज इंग्लंडातल्या शाळकरी पोरांनाही या नाटकाला तळटीपा लागतात. तुला त्या लागल्या तर त्यात कमीपणा कसला?

शिवाय तुझा आजचा शब्दकोश इथे चक्क फसवतो. 'ॲडिशन' शब्द पाहिलास तर त्यात बेरीज सापडेल. नाटकात राजाकडून मॅकबेथला नवी सरदारकी मिळाल्याचा निरोप येतो, तिथे 'ॲडिशन'चा अर्थ आहे किताब. 'व्हेअरफोर' पाहून वाटतं की 'कुठे' विचारलंय, पण तो शब्द 'का' विचारतो. दोन तास खपून चुकीचे अर्थ गोळा होणार असतील तर पान कळणार कसं? तेव्हा पहिली दोन वाचनं शब्दकोश मिटून करायची. तिसऱ्या वाचनाला टिपा असलेली आवृत्ती घे. फोल्जरच्या आवृत्तीत डाव्या पानावर टिपा आणि उजव्या पानावर नाटक असतं, त्यामुळे पानं उलटत बसावं लागत नाही. नुसती संहिता हवी असेल तर फोल्जर ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळते, मोबाइलवरही उघडते.

आता मूळ गोष्ट सांगतो. हे लिखाण डोळ्यांसाठी झालेलंच नाही. 'मॅकबेथ' साधारण १६०६ च्या सुमाराचं. ते छापलं गेलं १६२३ साली, शेक्सपिअर जाऊन सात वर्षं झाल्यावर. तोवर ज्यांना ते ठाऊक होतं त्यांनी ते ऐकलेलं होतं, आणि त्यातल्या पुष्कळांना वाचताही येत नव्हतं. हे आपल्याला नवं वाटायला नको. आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर त्या गात होत्या, घरातल्यांनी ते उतरवून घेतलं, आणि त्या १९५१ साली गेल्यावर पुढच्या वर्षी पुस्तक निघालं. तिथेही आधी आवाज, मग कागद. त्यांची ओवी कोणी मुकाट्याने, शब्दाखाली बोट धरून, दर शब्दाला कोश उघडून वाचू लागला तर त्याच्या हाती काय लागेल? तू 'मॅकबेथ'चं नेमकं तेच करते आहेस. आणि यात तुझा दोष नाही, आपण सगळ्यांनी मिळून तुला तसं शिकवलंय.

मलाही तसंच शिकवलं गेलं. आमचे एक प्राध्यापक वर्गात येऊन मॅकबेथच्या स्वभावचित्रणाच्या नोट्स उतरवून द्यायचे. दोन वर्षांत त्यांनी नाटकाची एक ओळ मोठ्याने वाचली नाही. मला मार्क चांगले पडले, पण नाटक कळलं ते आमच्या ओट्यावर.

परीक्षेआधी गावी आलो होतो. वीज गेलेली. कंदिलाच्या उजेडात मी वाचतोय आणि माय शेजारी बसून बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडतेय. तिने विचारलं, "काय वाची ऱ्हायना रे भाऊ?" मी तिला अहिराणीत गोष्ट सांगायला लागलो. एक सरदार, त्याची बायको, राजा त्यांच्याकडे पाहुणा आलेला, रात्री झोपेत त्याला मारतात. सरदार रक्ताने भरलेले हात घेऊन बाहेर येतो आणि म्हणतो, अख्खा समुद्र आणला तरी हे हात निघतील का? बायको म्हणते, थोडं पाणी घेतलं की झालं. मायचा हात थांबला. ती म्हणाली, "रगत धोवाई जाई, पन पाप कसं धोवाई?" आणि जरा वेळाने, "ती बाई येडी व्हई जाई रे."

मी अजून शेवट सांगितलाच नव्हता. दुसऱ्या अंकातल्या एका वाक्यावरून तिने पाचवा अंक ओळखला होता. पाचव्या अंकात तीच राणी झोपेत चालत येते, हात चोळत राहते, अरबस्तानातली सगळी अत्तरं आणली तरी या हाताचा वास जाणार नाही म्हणते. मायला ए, बी, सी येत नव्हतं. तिच्याजवळ कान होता आणि माणसांची जाण होती. तुझ्याजवळ हे दोन्ही आहे, वर इंग्रजीही आहे. म्हणून तुझ्याबद्दल मला काळजी वाटत नाही.

सुरुवात पहिल्या पानापासून करू नकोस. दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश उघड. खून नुकताच झालाय. नवरा-बायको अंधारात एकमेकांशी दबक्या आवाजात बोलताहेत:

"डिड्स्ट दाऊ नॉट हिअर अ नॉइज?"
"आय हर्ड द आउल स्क्रीम अँड द क्रिकेट्स क्राय. डिड नॉट यू स्पीक?"
"व्हेन?"
"नाऊ."
"ॲज आय डिसेंडेड?"
"आय."

शेवटचा 'आय' म्हणजे 'मी' नव्हे, 'हो'. बाकी यातला कोणता शब्द तुला येत नाही? 'कधी?' 'आत्ता.' 'मी खाली उतरताना?' 'हो.' जगातल्या या थोर शोकांतिकेतली सगळ्यात भीतीची जागा पाचवीच्या पोराला येणाऱ्या इंग्रजीत लिहिलेली आहे. घुबड ओरडलं, रातकिडे ओरडले. आपल्याकडे रात्री घराच्या आढ्यावर घुबड किंवा पिंगळा बोलला की म्हातारी माणसं गप्प होतात, ते तुला टिपेत वाचावं लागणार नाही. लंडनच्या कुठल्याही फ्लॅटमधल्या मुलापेक्षा ही ओळ तुझ्या जवळची आहे.

एक मैत्रीण घे आणि हे सहा उद्गार दोघी मिळून म्हणा. आधी मोठ्याने, मग कुजबुजत, मग शेजारच्या खोलीत आजोबा झोपलेत असं धरून. त्यानंतर हेच अहिराणीत म्हणा, घरात बोलता तसं. मग परत इंग्रजीवर या. माझ्या वर्गात दरवर्षी याच खेळाने सुरुवात व्हायची, आणि कुजबुजायची वेळ आली की खिदळणारी पोरंसुद्धा शांत व्हायची.

आता तो 'तू' आणि 'तुम्ही'. 'दाऊ' म्हणजे 'तू' आणि 'यू' म्हणजे 'तुम्ही', अनेकांना किंवा एकाला आदराने. आजच्या इंग्रजीतून 'दाऊ' गेला, त्यामुळे इंग्रज विद्यार्थ्याला तो पोथीतला, भारदस्त शब्द वाटतो. नेमका उलटा समज. आपल्याला मात्र हा भेद दिवसातून शंभर वेळा करावा लागतो. वर पुन्हा बघ: नवरा बायकोला 'दाऊ' म्हणतो, बायको नवऱ्याला 'यू' म्हणते. तुझ्या आजी-आजोबांचं बोलणं आठव.

आता पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशात ये. नवरा कच खातोय, राजाला मारायचं नको म्हणतोय. बायको चिडते. सुरुवात 'यू'ने करते: तुम्ही जी आशा अंगावर चढवली होती ती काय दारू प्यायली होती? आणि चार ओळींत घसरते: 'आर्ट दाऊ अफिअर्ड?' घाबरलास तू? तुम्हीवरून तू. आपल्याकडे एखादी बाई भांडणात नवऱ्याला अचानक अरे-तुरे करायला लागली तर अख्खी गल्ली कान टवकारते. ग्लोबमधल्या प्रेक्षकांनीही तिथे कान टवकारले असतील. थोड्या ओळींनंतर ती पुन्हा 'यू'वर येते, काम झालेलं असतं.

सगळ्या नाटकात हा हिशेब इतका चोख लागत नाही, हेही सांगून ठेवतो. कधी शेक्सपिअर सहज इकडून तिकडे जातो. पण जिथे लागतो तिथे अख्खा प्रवेश उघडतो. 'किंग लिअर'मध्ये म्हातारा राजा रागाच्या भरात धाकट्या मुलीला घराबाहेर काढतो, तेव्हा त्याचाच निष्ठावान सरदार केंट भर दरबारात म्हणतो, 'व्हॉट वुड्स्ट दाऊ डू, ओल्ड मॅन?' म्हाताऱ्या, काय करायला निघालास तू? राजाला! 'हॅम्लेट'मध्ये आई पोराला प्रेमाने रागावते: दाऊ हॅस्ट दाय फादर मच ऑफेंडेड. तू वडिलांना फार दुखवलंस. ती बोलतेय सावत्र बापाबद्दल. पोरगा तेच वाक्य परत फेकतो: मदर, यू हॅव माय फादर मच ऑफेंडेड. माझ्या वडिलांना तर तुम्ही दुखवलंत. आईला 'तुम्ही'. आपल्या घरात कोणी आईला 'तुम्ही' म्हणत नाही, आणि म्हटलं तर त्या माऊलीच्या काळजाचं काय होईल ते तुला सांगायला नको. हे इंग्रज मुलाला फळ्यावर लिहून समजवावं लागतं. तुला ऐकताक्षणी कळलं.

आता 'मॅकबेथ'च्या गाभ्याकडे येऊ, कारण इथे मराठी आपल्याला इंग्रजीपेक्षा जास्त दाखवते असं माझं मत आहे. इंग्रजीत 'मॅन' हा एकच शब्द. मराठीत तू त्याचं काय करशील? पुरुष? मर्द? माणूस? निवडावंच लागतं. आणि हे नाटक त्याच निवडीवर उभं आहे.

मॅकबेथ बायकोला म्हणतो: 'आय डेअर डू ऑल दॅट मे बिकम अ मॅन, हू डेअर्स डू मोर इज नन.' 'बिकम' म्हणजे इथे शोभणं. माणसाला शोभेल ते सगळं करायची माझी छाती आहे, त्याहून पुढे जाईल तो माणूसच नव्हे. बायको तोच शब्द उचलते: 'व्हेन यू डर्स्ट डू इट, देन यू वेअर अ मॅन.' ते करायला धजत होतात तेव्हा तुम्ही मर्द होतात. तो 'माणूस' म्हणाला, तिने ऐकलं 'मर्द'. त्या एका क्षणात तो हरला. पुढे मेलेल्या मित्राचं भूत मेजवानीत येऊन बसतं आणि मॅकबेथ थरथरतो, तेव्हा ती पुन्हा विचारते, 'आर यू अ मॅन?' तो स्वतः मारेकऱ्यांना हाच शब्द लावतो: यादीत तुमची नावं माणसं म्हणून आहेत खरी, तशी कुत्र्यांच्या सगळ्या जातींची नावंही कुत्रे म्हणूनच लिहितात.

आणि मग चौथ्या अंकाचा शेवट. मॅकडफ हा दुसरा एक सरदार परदेशात आहे. निरोप येतो की मॅकबेथने त्याची बायको आणि सगळी लेकरं मारली. त्याला कळतं पण वळत नाही. तो परत परत विचारतो: सगळी? सगळी म्हणालास का तू? मारलेल्या राजाचा मुलगा त्याला सांगतो, 'डिस्प्यूट इट लाइक अ मॅन.' मर्दासारखा तोंड दे. तो उत्तर देतो: 'आय शॅल डू सो, बट आय मस्ट ऑल्सो फील इट ॲज अ मॅन.'

हे शेवटचं 'मॅन' मी दरवर्षी वर्गात भाषांतराला द्यायचो. बहुतेक मुलं पहिल्या झटक्यात 'मर्द' लिहायची, मग खोडून 'माणूस' करायची. 'देईन तोंड, पण माणूस म्हणून मला हे आधी सोसलं पाहिजे.' पारोळ्याकडच्या एका मुलाने मात्र लिहिलं, 'बाप म्हणून'. शब्दाला धरून पाहिलं तर चूक, पण मी त्याला पूर्ण मार्क दिले. एका वहीत नाटकातले सगळे 'मॅन' गोळा कर, प्रत्येकासमोर तुझा मराठी शब्द लिही. गाईडमधल्या पंधरा पानांच्या स्वभावचित्रणापेक्षा त्या एका पानातून तुला मॅकबेथ जास्त कळेल.

चेटकिणींबद्दल तू काही विचारलं नाहीस, तरी लिहितो, कारण सातपुड्याच्या पायथ्याला राहून हे टाळता येत नाही. मी बरीच वर्षं तो भाग गमतीचा म्हणून शिकवत होतो: कढई, बेडूक, धूर. त्यांची लय आपल्या पोरांच्या बडबडगीतासारखी ठेक्याची आहे, 'डबल, डबल, टॉइल अँड ट्रबल', ती पोरांना आवडायची. एका वर्षी धडगावकडचा एक मुलगा तास संपल्यावर थांबला. त्याच्या आजीच्या बहिणीला गावाने डाकीण ठरवून हाकललं होतं. तो म्हणाला, "सर, त्या तिघी खरंच तशा होत्या, की लोकांनी म्हटलं म्हणून झाल्या?"

त्या रात्री मी तो प्रवेश नव्याने वाचला. पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात त्यांच्यातली एक सांगते की एका खलाशाची बायको ओटीत चेस्टनट घेऊन खात बसली होती. मी म्हटलं, मला दे. ती म्हणाली, निघ इथून, चेटकिणी. म्हणजे एकीने खायला मागितलं, दुसरीने नाकारलं आणि वर शिक्का मारला. पुढचं वैर तिथून सुरू होतं. त्या काळच्या खटल्यांतही हे असंच दिसतं, आणि आपल्या डोंगरातल्या हकिगती ज्याने ऐकल्यात त्यालाही ते ओळखीचं वाटेल. शेक्सपिअरच्या वेळचा राजा पहिला जेम्स स्कॉटलंडचा. १५९० च्या सुमारास तिथे चेटकाचे मोठे खटले झाले, त्यांत त्याने स्वतः लक्ष घातलं होतं, आणि १५९७ साली चेटकावर पुस्तकही लिहिलं. बायकांना खरोखर फासावर आणि जाळावर चढवलं जात होतं. आपल्या महाराष्ट्रात त्याविरुद्धचा कायदा व्हायला २०१३ साल उजाडलं.

आणखी एक: नाटकातली माणसं त्यांना 'वीअर्ड सिस्टर्स' म्हणतात. 'वीअर्ड'चा तेव्हाचा अर्थ 'विचित्र' नव्हता, त्याचं नातं नियतीशी होतं. या तिघी मॅकबेथला 'राजाला मार' असं एकदाही सांगत नाहीत. 'तू राजा होशील' इतकंच म्हणतात. शेजारी उभ्या त्याच्या मित्राला, बँकोलाही त्या भविष्य सांगतात, तो कोणाला मारत नाही. खून मॅकबेथच्या मनातून आला. त्या मुलाच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मला देता आलं नाही, पण त्यानंतर तो भाग मी हसत शिकवला नाही.

लांबलचक वर्णनं कंटाळवाणी वाटतात, असं तुझ्यासारख्या बऱ्याच जणांनी मला सांगितलंय. त्याचं कारण रंगमंचात आहे. ग्लोबमधे प्रयोग भर दुपारी उन्हात व्हायचे. दिवे नाहीत, देखावे नाहीत. संध्याकाळ करायची तर ती बोलूनच करावी लागायची. मॅकबेथ म्हणतो, 'लाइट थिकन्स, अँड द क्रो मेक्स विंग टु द रूकी वुड.' उजेड दाटत चाललाय, कावळा रानाकडे निघालाय. एवढं म्हटलं की तीन हजार माणसांच्या डोक्यावरच्या उन्हात तिन्हीसांज व्हायची. तू जत्रेत तमाशा पाहिला असशील. वगात राजा रंगमंचावर एक गिरकी घेतो, 'आलो बघा प्रधानजी आपण राजवाड्यात' म्हणतो, की आपण राजवाडा पाहायला लागतो. ही रीत ज्याला माहीत आहे त्याला शेक्सपिअरचं वर्णन जड जाऊ नये. ते सजावट म्हणून आलेलं नाही, तो पडदा आहे, दिवे आहेत.

मराठी भाषांतर वाच. फसवणूक मुळीच नाही. वगाला, कीर्तनाला जाणाऱ्याला गोष्ट आधीपासून ठाऊक असते, तरी तो जातो. तेव्हा गोष्ट आधी समजून घे, निवांत मनाने. शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'वरून 'राजमुकुट' केलं ते १९५४ साली. विंदांचं 'राजा लिअर' १९७४ चं, त्याला मी फार मानतो. त्याच्याही आधी देवलांनी ऑथेल्लोचा 'झुंझारराव' केला, आगरकरांनी हॅम्लेटचं 'विकारविलसित'. एवढी मोठी माणसं ज्या वाटेने गेली ती आडवाट कशी असेल? फक्त एक पथ्य पाळ. भाषांतर वाचून झालं की त्याच प्रवेशातल्या निदान दहा इंग्रजी ओळी त्याच दिवशी मोठ्याने म्हण. नाहीतर मराठीवरच समाधान होतं आणि इंग्रजी राहून जातं. विशाल भारद्वाजचा 'मकबूल'ही जरूर पाहा, त्यात चेटकिणींच्या जागी दोन पोलीस आहेत. पण तो नाटकानंतर.

काय सोडायचं तेही सांगतो. द्वारपाळाचे विनोद त्या काळच्या बातम्यांवरचे आहेत, परीक्षेपुरते टिपेतून बघ. चौथ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशाचा पहिला अर्धा भाग, राजपुत्र स्वतःचे दुर्गुण मोजतो तो, पहिल्या फेरीत ओलांडून जा आणि थेट मॅकडफच्या निरोपावर ये. ओळ अडली तर पुढे चल, प्रवेश संपव, मग मागे बघ.

या नाटकानंतर 'ज्युलिअस सीझर'चा तिसरा अंक वाच. गावच्या चौकातली सभा आपण ऐकत मोठे झालो, तेव्हा ब्रूटस गद्यात मुद्देसूद बोलूनही का हरतो आणि अँटनी 'ऑनरेबल' हा एकच शब्द परत परत म्हणून गर्दी कशी फिरवतो, ते तुला लगेच दिसेल. विनोदी नाटकं सोपी म्हणून आधी घेऊ नकोस. त्यांतले विनोद शब्दांच्या कोट्यांवर उभे आहेत आणि परभाषिकाला सगळ्यात उशिरा तेच उमगतात. त्यापेक्षा शॉचं 'पिग्मॅलियन' वाच. ते १९१३ चं, भाषा जवळची, आणि विषय असा की अहिराणी बोलल्यावर पुण्यात कोणी हसलं असेल तर तो थेट काळजाला भिडतो. पु.लं.च्या 'ती फुलराणी'चं मूळ तेच.

आता उच्चारांचं. तुझे उच्चार गावठी आहेत म्हणजे नक्की काय? तू 'र' पूर्ण म्हणतेस, हेच ना? आजच्या लंडनच्या शिष्ट इंग्रजीत 'हार्ट', 'वर्ड' यांतला 'र' गिळतात आणि आपल्याला वाटतं की तेच खरं. शेक्सपिअरच्या काळी तो 'र' म्हणत असत. त्याबाबतीत तुझी जीभ आजच्या बातम्या वाचणाऱ्यापेक्षा ग्लोबच्या जवळ आहे. सुधारायचं काही असेल तर तो आघात. आपण मराठीत सगळी अक्षरं जवळपास सारख्या जोराने म्हणतो, त्यामुळे शेक्सपिअरची ओळ आपल्या तोंडी सपाट होते. त्या ओळीत साधारण दहा अक्षरं, एक हलकं आणि एक जड, अशा पाच जोड्या. मॅकबेथचं नाटकातलं पहिलंच वाक्य घे: 'सो फाउल अँड फेअर अ डे आय हॅव नॉट सीन.' दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या अक्षराला टेबलावर थाप दे. 'फाउल', 'फेअर', 'डे', 'हॅव', 'सीन'. पाच थापा. पाच-सहा वेळा केलंस की बोटं आपोआप पडतील. आणि तेवढ्यात तुला आठवेल की 'फेअर इज फाउल अँड फाउल इज फेअर' हे चेटकिणी आधीच म्हणून गेल्या होत्या. त्यांची गाठही पडलेली नाही आणि त्यांचे शब्द याच्या तोंडात आहेत. हे डोळ्यांना दिसायला उशीर लागतो, कानाला लगेच सापडतं.

वर्गात तुझी पाळी येईल तेव्हा खून झाल्यानंतरची ती ओळ मागून घे, 'स्लीप नो मोर! मॅकबेथ डझ मर्डर स्लीप.' उभी राहून म्हण, बाईंकडे न बघता मागच्या बाकाकडे बघून म्हण, आणि 'मर्डर'मधले दोन्ही र पुरते वाजू देत.